चांद्रवाहनांचे संगणक व भूस्थानके

चंद्रपृष्ठावर चाकांनी अथवा अन्य साधनांनी फिरून निरीक्षणे करणाऱ्या मानवरहित यंत्रास चांद्रवाहन म्हणतात. असे वाहन चालविण्यासाठी लागणारे निर्णय दोन ठिकाणी घेता येतात : वाहनावर किंवा त्यास चंद्रावर उतरविणाऱ्या अवतरक यानावर बसविलेल्या संगणकात आणि पृथ्वीवरील भूस्थानकात. वाहनावरील संगणक जितका दुबळा तितका भूस्थानकावरील भार अधिक. उलट भूस्थानकाशी होणारा संपर्क जितका तुटक तितकी संगणकाकडून असलेली अपेक्षा मोठी. यामुळे संगणकाची निवड व भूस्थानकांची निवड हे वरवर पाहता दोन स्वतंत्र प्रश्न दिसत असले, तरी प्रत्येक मोहिमेत त्यांचा विचार एकत्रच करावा लागला आहे. या दोहोंतील कामाची वाटणी १९६० नंतरच्या काळात कसकशी बदलत गेली, याचा वृत्तांत येथे दिला आहे.

चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमी. अंतरावर आहे. रेडिओ तरंगांस हे अंतर तोडण्यास सु. १·२८ सेकंद लागतात. म्हणजे वाहनासमोरील दृश्य पृथ्वीवर दिसून त्यानुसार दिलेली आज्ञा वाहनापर्यंत पोहोचण्यास, माणसास विचार करण्यास लागणारा वेळ सोडला तरी, सु. २·६ सेकंद जातात. मंगळाच्या बाबतीत केवळ एका बाजूचा प्रवासच ३ ते २२ मिनिटांचा असतो. तेथील वाहन पृथ्वीवरून प्रत्यक्ष हाकण्याचा विचारही करता येत नाही. चंद्राची स्थिती मधली आहे. तो पृथ्वीवरून वाहन हाकता येईल इतका जवळ आहे, पण मोटार हाकावी तसे हाकता येईल इतका जवळ नाही. चांद्रवाहनांच्या इतिहासातील बहुतेक निर्णय या मधल्या स्थितीतून निघाले आहेत.

दुसरी अडचण पृथ्वीच्या परिवलनाची. एका भूस्थानकास चंद्र दिवसातून साधारण निम्मा वेळ दिसतो आणि तोही रोज सु. ५० मिनिटे उशिरा उगवतो. संपर्क अखंड हवा असल्यास रेखांशाने एकमेकांपासून सु. १२०° अंतरावर असणारी तीन स्थानके लागतात. अमेरिकेने आपली दूर अवकाश स्थानके गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया), माद्रिदजवळ (स्पेन) व कॅनबराजवळ (ऑस्ट्रेलिया) उभारली, ती याच हिशेबाने. अक्षांशाचाही परिणाम होतो. चंद्राची क्रांती खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस जास्तीत जास्त सु. २८·५° पर्यंत जाते. त्यामुळे ४५° उत्तर अक्षांशावरील स्थानकास चंद्र त्याच्या उत्तरेकडील टोकास असताना सु. १६ तास दिसतो, तर दक्षिणेकडील टोकास असताना जेमतेम ८ तास. १३° उत्तर अक्षांशावर हाच फरक सु. ११ ते १३ तास इतका कमी होतो. तिसरी बाब संदेशाच्या तीव्रतेची. ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. चंद्रावर पोहोचविलेला प्रत्येक ग्रॅम व तेथे निर्माण केलेला प्रत्येक वॉट अतिशय महाग असल्याने यानावरील प्रेषक लहान ठेवून पृथ्वीवरील आकाशक म्हणजे अँटेना मोठा करणे, हाच मार्ग सर्व देशांनी पत्करला. जमिनीवरील पोलाद त्या मानाने स्वस्त असते.

पहिले प्रयोग : चंद्रावर एकही यान अलगद उतरलेले नसताना या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. जेम्स ॲडम्स या विद्यार्थ्याने १९६०–६१ मध्ये सायकलीची चाके असलेला एक लहान गाडा तयार केला, त्यावर दूरचित्रवाणी कॅमेरा बसविला आणि चालकाच्या आज्ञा गाड्यापर्यंत मुद्दाम सु. अडीच सेकंद उशिरा पोहोचतील अशी योजना केली. चालक वळण घेण्याची आज्ञा देई, काही घडले नाही असे वाटून ती वाढवी आणि मग गाडा नको तितका वळे. ताशी सु. ०·३ किमी.पेक्षा अधिक वेगाने असे वाहन खात्रीपूर्वक चालविता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. गाडा साधा होता, परंतु या प्रयोगात सापडलेली मर्यादा पुढे खऱ्या वाहनांनाही जाणवली.

१९६६ ते १९६८ या काळात अमेरिकेने सर्व्हेयर मालिकेतील सात याने पाठविली व त्यांपैकी पाच अलगद उतरली. त्यांच्यावर आजच्या अर्थाने संगणक नव्हता. उतरताना रडार व त्यास जोडलेली नियंत्रण मंडले काम करीत आणि उतरल्यावर कॅमेरा फिरविणे, भिंग बदलणे, माती उकरण्याचा हात हलविणे ही प्रत्येक क्रिया पृथ्वीवरून स्वतंत्र आज्ञा पाठवून होई. सर्व्हेयर–१ ने अशा रीतीने अकरा हजारांहून अधिक छायाचित्रे पाठविली. या यानांबरोबर लहान वाहन पाठविण्याची योजनाही आखण्यात आली होती व तिचे नमुने तयार झाले होते. तथापि ती सोडून देण्यात आली. संगणकाविना चंद्रावर किती काम होऊ शकते, हे मात्र सर्व्हेयरने दाखवून दिले.

ल्यूनोखोद : प्रत्यक्ष चांद्रवाहन पाठविण्याचा मान सोव्हिएट संघाकडे जातो. १९ फेब्रुवारी १९६९ रोजी सोडलेले पहिले वाहन रॉकेटच्या अपघातात नष्ट झाले. त्यानंतर १० नोव्हेंबर १९७० रोजी निघालेले ल्यूना–१७ हे यान १७ नोव्हेंबर रोजी मारे इंब्रियम या सपाट प्रदेशात उतरले आणि त्यावरील उतरंडीवरून ७५६ किग्रॅ. वस्तुमानाचे ल्यूनोखोद–१ हे वाहन खाली आले. यानाचा अभिकल्प गिओर्गी बाबाकिन यांच्या नेतृत्वाखाली झाला व वाहनाचा चाकांचा सांगाडा अलेक्सांडर केमुर्जियान यांच्या गटाने तयार केला. वाहनास आठ चाके होती व प्रत्येक चाकास स्वतंत्र विद्युत् चलित्र होते. उपकरणे एका हवाबंद पात्रात होती. पात्रावरील झाकणाच्या आतल्या बाजूस सौर विद्युत् घट बसविलेले होते. दिवसा ते झाकण उघडे राही व रात्री मिटून आतील उष्णता राखीत असे. चौदा दिवसांच्या रात्रीत पोलोनियम–२१० या किरणोत्सर्गी मूलद्रव्याची ऊब उपकरणांस मिळे.

मार्ग ठरविणारा संगणक या वाहनावर नव्हता. त्याचे कारण केवळ संगणकांचे वजन हे नव्हे. त्याच सुमारास अपोलो यानांवर नेलेला मार्गदर्शक संगणक सु. ३२ किग्रॅ. वजनाचा होता; त्याच्या स्थिर स्मृतीत ३६,८६४ व पुसता येण्याजोग्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. एवढ्या सामग्रीवर कक्षेची व अवतरणाची गणिते होत असत. मात्र समोरच्या चित्रातील काळा डाग ही दगडाची सावली आहे की खड्डा आहे, हे ओळखण्याची रीतच त्या वेळी कोणास ठाऊक नव्हती. स्टॅनफर्डच्याच गाड्यावर पुढे हान्स मोराव्हेक यांनी हा प्रयत्न केला. खोलीभर मोठा संगणक जोडूनही १९७९ मध्ये त्या गाड्यास खुर्च्या मांडलेली एक खोली आपल्या आपण ओलांडण्यास सु. पाच तास लागले. यावरून १९७० मधील सोव्हिएट अभियंत्यांनी हे काम माणसाच्या डोळ्यांवर सोपविले, यात नवल नाही.

हे डोळे क्रिमियातील सिम्फेरोपॉलजवळच्या भूस्थानकात होते. तेथे ३२ मी. व्यासाचा आकाशक होता आणि शेजारी चंद्रपृष्ठाची नक्कल करून खड्डे व दगड असलेले एक सरावाचे मैदान तयार करण्यात आले होते. वाहन चालविण्यासाठी पाच जणांचा गट असे : प्रमुख, चालक, मार्गनिर्देशक, अभियंता आणि अरुंद झोताच्या आकाशकाचा नियंत्रक. असे दोन गट आळीपाळीने काम करीत. पाचव्या माणसाचे काम आज कोणास क्षुल्लक वाटेल, पण संपर्क त्याच्या हाती होता. वाहन वळले किंवा कलले की त्यावरील आकाशकाचा रोख पृथ्वीवरून ढळे व चित्रे येणे बंद होई. तो रोख सतत सावरण्याचे काम करणारा संगणक नसल्याने पाचांतील एक माणूस त्यासाठीच बसविला होता.

चालकास दिसे ते चलत्‌चित्र नव्हते. काही सेकंदांनी एक स्थिरचित्र पडद्यावर येई. ल्यूनोखोद–२ मध्ये एका चित्रास लागणारा वेळ ३·२ पासून २१·१ सेकंदांपर्यंत चार टप्प्यांत बदलता येत असे. पडद्यावर चित्र उमटेपर्यंत वाहन पुढे गेलेले असे व आज्ञा पोहोचेपर्यंत आणखी पुढे. म्हणून चालकास पडद्यावरील जागेऐवजी काही सेकंदांनंतर वाहन जेथे असेल त्या जागेचा विचार करावा लागे. ल्यूनोखोद–१ चे कॅमेरे फार खाली बसविलेले होते. त्यामुळे बसून पाहणाऱ्या माणसासारखे दृश्य दिसे व लहान विवरे नजरेतून सुटत. सूर्य डोक्यावर आला की सावल्या नाहीशा होऊन जमीन सपाट भासे. म्हणून चांद्र दिवसाच्या मध्यास वाहन उभे करून ठेवण्यात येई.

निर्णयाचा एकच भाग वाहनाकडे दिला होता. वाहनाचा कल ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास ते पृथ्वीवरील आज्ञेची वाट न पाहता आपोआप थांबे. मागे ओढले जाणारे एक लहान नववे चाक खरे कापलेले अंतर मोजी, जेणेकरून मुख्य चाके घसरत असल्यास ते कळावे. संगणकाचे नाव न देता केलेली ही स्वयंचलित सुरक्षा व्यवस्था त्या काळास पुरेशी होती. जे काम अडीच सेकंदांच्या आत व्हावयास हवे, तेवढेच वाहनावर ठेवावे व बाकीचे खाली आणावे, हे तत्त्व तीत स्पष्ट दिसते. ल्यूनोखोद–१ ने सु. दहा महिन्यांत १०·५४ किमी. प्रवास केला. त्याच्याशी असलेला संपर्क १४ सप्टेंबर १९७१ नंतर राहिला नाही.

चंद्र रोज उशिरा उगवत असल्याने सिम्फेरोपॉल येथील पाळ्यांच्या वेळाही सरकत जात. त्यात भर अक्षांशाची. वाहन चंद्रबिंबाच्या पश्चिम भागात असल्यामुळे तेथील दिवस पृथ्वीवरून पाहता पौर्णिमेच्या आगेमागे येई. हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र क्रिमियात उंचावरून जातो, उन्हाळ्यातील क्षितिजाजवळून. एकाच देशाच्या भूमीवरून वाहन चालविण्याच्या निर्णयाची ही किंमत होती. त्या काळच्या राजकारणात परदेशी भूस्थानके मिळविणे अमेरिकेस जितके सोपे होते, तितके ते सोव्हिएट संघास नव्हते.

८ जानेवारी १९७३ रोजी सोडलेल्या ल्यूना–२१ यानाने ८४० किग्रॅ.चे ल्यूनोखोद–२ हे वाहन १५ जानेवारी रोजी ल मॉन्ये विवरात उतरविले. पहिल्या वाहनाच्या अनुभवावरून त्यात एक तिसरा मार्गदर्शक कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर बसविला होता व वेग ताशी २ किमी.पर्यंत वाढविला होता. एवढ्या बदलाने पाच महिन्यांच्या आत सु. ३९ किमी. प्रवास झाला. संगणकात कोणतीही सुधारणा न होता केवळ कॅमेरा वर नेल्याने इतका फरक पडावा, ही गोष्ट अभिकल्पकांनी आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. परग्रहावर किंवा उपग्रहावर कापलेल्या अंतराचा हा विक्रम मंगळावरील ऑपॉर्च्युनिटी या वाहनाने २०१४ मध्ये मोडला.

या वाहनाचा शेवटही दूरनियंत्रणाची मर्यादा दाखविणारा ठरला. मे १९७३ मध्ये ते एका लहान विवरात शिरले आणि त्याचे उघडे झाकण विवराच्या भिंतीस घासून त्यावर माती पडली. पुढे पाहणाऱ्या कॅमेऱ्यांत मागील झाकण दिसत नव्हते. सौर घटांची शक्ती घटली. पुढे झाकण मिटले तेव्हा ती माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठावर सांडली आणि वाहन तापून निकामी झाले. कलमापक ठीक होता, चालकही कसलेला होता. पण जे कोणीच मोजत नव्हते, त्यामुळे घात झाला. जून १९७३ च्या आरंभी मोहीम संपल्याचे जाहीर करण्यात आले.

अपोलो–१५ (१९७१), १६ व १७ (दोन्ही १९७२) या मोहिमांतील वाहने अंतराळवीर स्वतः चालवीत. तेथे विलंबाचा प्रश्न नव्हता. दिशा दाखविणारा घूर्णी व चाकांचे फेरे यांवरून परतीची दिशा आणि अंतर काढणारे एक लहान गणकयंत्र मात्र वाहनावर होते, कारण यान टेकडीआड गेल्यावर चंद्रावर दिशा ओळखणे कठीण जाते. वाहनावरील दूरचित्रवाणी कॅमेरा ह्यूस्टनहून फिरविला जाई. अपोलो–१७ चे यान उड्डाण करताना कॅमेरा त्याच्यामागोमाग वर नेण्यासाठी नियंत्रकास काही सेकंद आधी आज्ञा द्यावी लागली, ती ठरलेल्या वेळापत्रकावरून.

अवकाशयोग्य संगणक : ल्यूनोखोद–२ नंतर चंद्रावर चाके फिरण्यास चाळीस वर्षे लागली. दरम्यान संगणक लहान व स्वस्त झाले. तथापि दुकानात मिळणारा संगणक चंद्रावर नेता येतोच असे नाही. विश्वकिरणांतील किंवा सूर्यावरून येणारा एखादा भारित कण संकलित मंडलातून गेल्यास स्मृतीतील शून्याचा एक होऊ शकतो, क्वचित मंडल कायमचे जळते. पृथ्वीस वातावरण व चुंबकीय क्षेत्र यांचे कवच आहे, चंद्रास नाही. त्यात दिवसाचे सु. १२०° से. व रात्रीचे –१७०° से.च्याही खाली जाणारे तापमान. उपाय अनेक आहेत : प्रारण सोसणारी खास मंडले बनविणे, एकच गणित तीन ठिकाणी करून बहुमत घेणे, स्मृतीतील चूक ओळखून ती दुरुस्त करणारे संकेत वापरणे, संगणक अडकल्यास त्यास पुन्हा चालू करणारा पहारेकरी कालमापक बसविणे. खास मंडले महाग असतात, शिवाय त्यांची परीक्षा होईपर्यंत बाजार एकदोन पिढ्या पुढे गेलेला असतो. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर या वाहनाचा इंटेल ८०सी८५ हा सूक्ष्मप्रक्रियक २ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालत होता. २००४ मध्ये उतरलेल्या दोन वाहनांचा रॅड–६००० हा २० मेगॅहर्ट्‌झवर. घरोघरीचे संगणक तेव्हा शेकडो पट वेगवान होते. मंगळावर विलंब मोठा असल्याने असे मंद संगणकही अडथळे ओळखण्यास जुंपावे लागले. चंद्रावर तशी सक्ती नव्हती.

सक्ती होती ती अवतरणाच्या वेळी. यान उतरत असताना प्रत्येक सेकंदास त्याची उंची व वेग बदलत असतात आणि पृथ्वीवरून आलेली आज्ञा शिळी ठरते. वाहन मात्र धोका दिसला की उभे राहू शकते. त्यामुळे अलीकडच्या मोहिमांत प्रबळ संगणक अवतरकासाठी लागतो व मोठे भूस्थानक वाहनासाठी, अशी काहीशी उलटी मांडणी आढळते. अपयशांची यादी पाहिली, तर बहुतेक मोहिमा चाके जमिनीस लागण्यापूर्वीच संपल्या आहेत.

चीन : चीनच्या छांग–अ–३ यानाने १४ डिसेंबर २०१३ रोजी युतू हे १४० किग्रॅ.चे वाहन उतरविले. ११४ मी. चालल्यावर जानेवारी २०१४ मध्ये त्याच्या यंत्रणेत बिघाड होऊन ते जागीच अडकले, पण उपकरणे पुढेही काही काळ चालू राहिली. त्यानंतरचे युतू–२ हे वाहन ३ जानेवारी २०१९ रोजी चंद्राच्या पलीकडील बाजूस, फॉन कार्मान विवरात उतरले. ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नसल्याने पृथ्वीवर कितीही मोठे आकाशक उभारले, तरी उपयोग नव्हता. म्हणून २१ मे २०१८ रोजीच छ्युएछ्याओ हा अनुक्षेपक उपग्रह सोडून चंद्रापलीकडील एका समतोल बिंदूभोवती फिरत ठेवला गेला. त्यावर ४·२ मी. व्यासाचा आकाशक आहे. पृथ्वीवर जिआमुसी येथे ६६ मी. व काश्गर येथे ३५ मी. व्यासाचे आकाशक होतेच. अर्जेंटिनातील ३५ मी.च्या तिसऱ्या आकाशकामुळे सिम्फेरोपॉलला भोगावी लागलेली अडचण चीनने टाळली.

भारत : चंद्रयान–१ (२२ ऑक्टोबर २००८) या मोहिमेत वाहन नव्हते, तरी भारतीय चांद्रवाहनाच्या भूस्थानकाचा इतिहास तेथूनच सुरू होतो. बंगळूरुपासून सु. ४० किमी. अंतरावरील ब्यालालू या गावी, डोंगरांनी वेढलेल्या व म्हणून रेडिओ गोंगाटापासून बऱ्याच मुक्त अशा खोलगट जागी, १८ मी. व ३२ मी. व्यासांचे दोन आकाशक उभारण्यात आले. ३२ मी.चा आकाशक हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने उभारला व त्याच्या विकासात मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा सहभाग होता. केवळ चंद्रासाठी लहान आकाशकावर भागले असते. मोठा आकाशक बांधताना मंगळासारखी पुढची उद्दिष्टे डोळ्यांसमोर होती. स्थानक १३° उत्तर अक्षांशाजवळ असल्याने त्यास चंद्र वर्षभर जवळजवळ सारखाच वेळ दिसतो, हा भौगोलिक लाभ आपोआप पदरी पडला.

चंद्रयान–२ मधील २७ किग्रॅ.चे प्रज्ञान हे वाहन विक्रम या अवतरकाबरोबर ७ सप्टेंबर २०१९ रोजी नष्ट झाले. नंतर देण्यात आलेल्या स्पष्टीकरणानुसार इंजिनांचे बल अपेक्षेपेक्षा अधिक पडले, त्यामुळे चुका साचत गेल्या आणि त्या दुरुस्त करण्यासाठी यानास झपाट्याने वळणे आवश्यक असताना आज्ञावलीने वळण्याच्या वेगावर मर्यादा घातली होती. शिवाय उतरण्याची जागा ५०० मी. × ५०० मी. एवढीच ठरविलेली होती. संगणक मंद होता असे नव्हे. कोणत्या चुका होऊ शकतात याची त्याला दिलेली कल्पना अपुरी होती. चंद्रयान–३ साठी जागा ४ किमी. × २·४ किमी. इतकी वाढविली, आज्ञावली अधिक विचलने सोसेल अशी केली व नवी मापक उपकरणे जोडली.

१४ जुलै २०२३ रोजी निघालेले हे यान २३ ऑगस्ट रोजी सायंकाळी ६ वा. ४ मि. यांनी ६९° दक्षिण अक्षांशाजवळ उतरले. या जागी नुकताच सूर्योदय झालेला असणे, ही दिवस ठरविण्यातील मुख्य अट होती आणि त्या दिवशी अष्टमीच्या सुमाराचा चंद्र सायंकाळी बंगळूरुच्या आकाशात उंचावर होता. शेवटच्या सु. १९ मिनिटांत सर्व निर्णय यानावरील संगणकानेच घेतले. चंद्र ब्यालालूच्या क्षितिजाखाली असताना लागणाऱ्या संपर्कासाठी अमेरिकेची दूर अवकाश स्थानके आणि यूरोपीय अवकाश संस्थेमार्फत फ्रेंच गियानातील कूरू व इंग्लंडमधील गूनहिली येथील आकाशक वापरले गेले. अवतरणाच्या वेळी ऑस्ट्रेलियातील न्यू नॉर्सिया येथील ३५ मी.चा आकाशक राखीव म्हणून सज्ज होता. अवकाशातही राखीव व्यवस्था होती. चंद्रयान–२ चा कक्षीय भाग अद्याप कार्यरत असल्याने अवतरणापूर्वीच त्याच्याशी नव्या अवतरकाचा दुहेरी संपर्क जोडण्यात आला.

प्रज्ञान (२६ किग्रॅ., सहा चाके, सु. ५० वॉट सौर शक्ती) पृथ्वीशी थेट बोलत नव्हते. त्याचे संदेश अवतरकाकडे जात व अवतरक ते पृथ्वीकडे पाठवी. यामुळे वाहनावर मोठा आकाशक व तो रोखणारी यंत्रणा बसवावी लागली नाही आणि ल्यूनोखोदच्या गटातील पाचव्या माणसाचे कामच नाहीसे झाले. उलट, वाहन अवतरकापासून फार दूर जाऊ शकत नाही, हे बंधन आले. मार्ग ठरविण्याची रीत मात्र पन्नास वर्षांपूर्वीचीच सुधारित आवृत्ती होती. वाहनाच्या दोन मार्गदर्शक कॅमेऱ्यांची चित्रे बंगळूरुला येत, तेथील संगणक त्यांवरून जमिनीच्या चढउतारांचा अंकीय नकाशा करीत, माणसे तो पाहून वाट निवडीत आणि मग आज्ञा जाई. नकाशा विश्वासार्ह असे तो सु. ५ मी.पर्यंतच, म्हणून एका आज्ञेत वाहन तेवढेच चाले, तेही सेकंदास सु. १ सेंमी. वेगाने. २७ ऑगस्ट रोजी ४ मी. व्यासाचे एक विवर ३ मी. पुढे आढळले, वाहनास आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली व नवी वाट धरली गेली. २ सप्टेंबर रोजी त्यास निद्रावस्थेत ठेवण्यात आले, तोवर ते १०० मी.हून अधिक चालले होते. रात्रीत ऊब देणारी किरणोत्सर्गी व्यवस्था नसल्याने ते पुन्हा जागे झाले नाही. अंतर थोडे असले, तरी नेमून दिलेला एक चांद्र दिवस वाहनाने पुरा केला. एवढ्या मुदतीसाठी जड संगणक वाहनावर लादणे अनाठायी ठरले असते.

खाजगी प्रयत्न : सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर झालेल्या गूगल लूनर एक्स प्राइझ या ३ कोटी डॉलरच्या स्पर्धेने हे सर्व प्रश्न सरकारी तिजोरी पाठीशी नसलेल्या गटांपुढे ठेवले. चंद्रावर उतरून ५०० मी. प्रवास करावा आणि स्पष्ट चित्रे व चलत्‌चित्रे पाठवावी, अशी अट होती. बंगळूरुचा टीम इंडस हा गट त्यात होता. अशा गटांस स्वतःचे भूस्थानक बांधणे शक्य नसल्याने वेळेच्या हिशेबाने भाड्याने घ्यावे लागते आणि भाड्याचे तास वाचवावयाचे, तर संगणकावर अधिक विसंबावे लागते. म्हणजे भूस्थानकाच्या बिलाचा परिणाम थेट संगणकाच्या निवडीवर होतो. ३१ मार्च २०१८ रोजी ही स्पर्धा विजेत्याविना संपली.

तीतून निघालेल्या दोन यानांचे अनुभव बोलके आहेत. इझ्राएलच्या बेरेशीट या यानावर वजन वाचविण्यासाठी एकच संगणक ठेवण्यात आला होता आणि संपर्कासाठी स्वीडिश अवकाश निगमाची स्थानके घेतली होती. ११ एप्रिल २०१९ रोजी उतरताना एक जडत्वीय मापक बंद पडला. तो चालू करण्याची आज्ञा पृथ्वीवरून देण्यात आली. तिने बिघाडांची साखळी सुरू होऊन मुख्य इंजिन थांबले आणि यान आदळले. ज्या टप्प्यात निर्णय यानावर सोपवावयाचे असतात, त्यात खालून केलेला हस्तक्षेप भोवला. जपानच्या हाकुतो–आर या यानात उलट घडले. एप्रिल २०२३ मध्ये ते एका विवराची उंच कड ओलांडत असताना उच्चतामापकाने उंचीत एकदम सु. ३ किमी. फरक दाखविला. मापन खरे होते, पण संगणकाने ते बिघाड समजून बाजूला टाकले. आपण जमिनीलगत आहोत अशा समजुतीने यान सु. ५ किमी. उंचीवर इंधन संपेपर्यंत तरंगले व कोसळले. संयुक्त अरब अमिरातींचे रशीद हे १० किग्रॅ.चे वाहन त्याबरोबर गेले.

क्षीण संदेश पकडण्याच्या बाबतीत रेडिओ ज्योतिषशास्त्राच्या आकाशकांची मदत अनेकदा घेतली जाते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीने (प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक) १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या स्क्यापारेल्ली यानाचा काही वॉटचा संदेश टिपला होता. चंद्र मंगळाच्या मानाने दाराशीच असल्याने एवढ्या ताकदीची गरज सहसा पडत नाही.

वाटणी आता पुन्हा वाहनाकडे झुकू लागल्याची काही चिन्हे आहेत. २० जानेवारी २०२४ रोजी जपानचे स्लिम हे यान उतरण्यापूर्वी त्याने दोन चिमुकली वाहने खाली सोडली. त्यांपैकी लेव्ह–२ हा सु. ८ सेंमी. व्यासाचा व पाव किलोग्रॅमचा गोळा होता. त्याचा संगणक सोनी कंपनीच्या, बाजारात कोणासही मिळणाऱ्या एका लहान मंडलावर आधारलेला होता. पृथ्वीवरून कोणतीही आज्ञा न घेता तो उघडला, सरपटला, त्याने छायाचित्रे काढली व ज्यांत यान नीट दिसते अशी चित्रे स्वतःच निवडून लेव्ह–१ या दुसऱ्या वाहनामार्फत पृथ्वीवर पाठविली. स्लिम यान नाक खाली करून उभे राहिले आहे, हे पृथ्वीवरील नियंत्रकांना प्रत्यक्ष दिसले ते या चित्रात.